परवाना पद्धत मोडीत काढणारे नरसिंह राव

गुरुग्राम, म्हणजे तेव्हाचे गुडगाव, येथील मारुती उद्योगाची पहिली मोटार १४ डिसेंबर १९८३ रोजी ग्राहकाच्या हाती आली. त्या काळी असा कारखाना काढायचा, तर भांडवल आणि यंत्रे यांच्याही आधी दिल्लीचा परवाना लागे. १९५१ च्या उद्योग (विकास व विनियमन) अधिनियमानुसार अनुसूचीतील उद्योगांना विस्तार, नवे उत्पादन, एवढेच काय, कारखान्याचे स्थलांतर यांसाठीही केंद्र सरकारची अनुमती घ्यावी लागे. वर्षाकाठी किती नग काढायचे, हेही परवान्यातच ठरलेले असे. ही पद्धत १९९१ मध्ये मोडीत काढली ती पंतप्रधान पी. व्ही. नरसिंह राव यांनी.

राव यांचा जन्म २८ जून १९२१ रोजी आजच्या तेलंगणातील वारंगळ परिसरात झाला. कायद्याचे शिक्षण त्यांनी नागपूरला घेतले. मराठी त्यांना उत्तम येत असे. हरि नारायण आपटे यांच्या 'पण लक्षात कोण घेतो' या कादंबरीचा त्यांनी तेलुगूत अनुवाद केला. १९८४ आणि १९८९ मध्ये रामटेकच्या मतदारांनी त्यांना लोकसभेत पाठवले. आंध्र प्रदेशचे मुख्यमंत्री असताना जमीनधारणेवर मर्यादा आणण्याचा आग्रह धरणारा हा नेता उद्योगांवरील निर्बंध उठवील, असे फारसे कोणाला वाटले नव्हते.

२१ जून १९९१ रोजी ते पंतप्रधान झाले, तेव्हा देशाकडे जेमतेम काही आठवड्यांच्या आयातीपुरते परकीय चलन उरले होते. अर्थखाते त्यांनी डॉ. मनमोहन सिंग यांच्याकडे सोपवले. उद्योगखाते मात्र स्वतःकडेच ठेवले. या निवडीकडे अभ्यासकांचे लक्ष पुरेसे गेलेले नाही. २४ जुलै रोजी, अर्थसंकल्पाच्याच दिवशी, नवे औद्योगिक धोरण संसदेत मांडले गेले, तेही राज्यमंत्री पी. जे. कुरियन यांच्या हस्ते. अर्थसंकल्पाच्या गदारोळात ते जवळजवळ झाकले गेले. या धोरणाने १८ उद्योग वगळता परवान्याची अट रद्द केली. मोठ्या उद्योगसमूहांना मक्तेदारीविषयक कायद्यानुसार विस्तारासाठी घ्यावी लागणारी पूर्वसंमतीही गेली. चौतीस उद्योगगटांत ५१ टक्क्यांपर्यंत परकीय गुंतवणुकीला आपोआप मान्यता मिळू लागली.

प्रवासी मोटारी त्या १८ उद्योगांत होत्या. त्यांची सुटका १९९३ मध्ये झाली. त्याआधीच, १९९२ मध्ये, मारुतीतील सुझुकीचा वाटा ५० टक्क्यांवर गेला होता. पुढे चेन्नईसारख्या ठिकाणी प्रतिस्पर्धी कारखाने उभे राहिले आणि गुडगावच्या मोटारीसाठी नाव नोंदवून ताटकळण्याचे दिवस मागे पडले.

कामगार कायद्यांच्या नोंदवह्या, निरीक्षकांच्या फेऱ्या आणि राज्यांचे दाखले मात्र या धोरणाने फारसे हलले नाहीत. लहान कारखानदाराचा खरा त्रास तिथेच होता. किरकोळ चुकांसाठीची शिक्षा सौम्य करणारा जनविश्वास कायदा संसदेने संमत केला तो थेट २०२३ मध्ये, ४२ कायद्यांतील १८३ तरतुदी बदलून.

राव यांच्या कारकिर्दीवर ६ डिसेंबर १९९२ च्या अयोध्येतील घटनेची छाया कायम राहिली. २३ डिसेंबर २००४ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. अंत्यसंस्कार हैदराबादला करण्यात आले. २०२४ मध्ये त्यांना मरणोत्तर भारतरत्न देण्यात आले.