डिझेल नावाचा माणूस

डिझेल हे कुणा माणसाचे आडनाव आहे, हे आपल्यापैकी अनेकांच्या गावीही नसते. रॉकेल, पेट्रोल, डांबर यांच्या पंगतीतले आणखी एक नाव, एवढेच आपण धरून चालतो. बँकेत असताना इंजिनांच्या कर्जप्रकरणांवर हा शब्द मी शेकडो वेळा लिहिला असेल. त्यामागच्या गृहस्थाची सविस्तर ओळख झाली ती निवृत्तीनंतर, आणि त्यांच्या हिशेबाच्या वह्यांनी मला इंजिनापेक्षाही जास्त अस्वस्थ केले.

रुडॉल्फ डिझेल यांचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिसमध्ये झाला. आईवडील जर्मन, वडिलांचा चामड्याच्या वस्तू बनवण्याचा लहानसा धंदा. १८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशियाचे युद्ध पेटले, तेव्हा जर्मन कुटुंबांना पॅरिस सोडावे लागले. डिझेल मंडळी लंडनला पोचली, आणि तिथून बारा वर्षांच्या रुडॉल्फला एकट्यालाच जर्मनीतल्या आऊग्सबुर्ग गावी नातेवाइकांकडे शिकायला धाडण्यात आले. आपल्याकडेही नातेवाइकांच्या घरी राहून, वार लावून शिकलेल्या मुलांची एक पिढी होतीच. रुडॉल्फ वर्गात पहिला येत गेला आणि शिष्यवृत्तीवर म्युनिकच्या तंत्रविद्यालयात दाखल झाला.

तिथे त्याला शीतयंत्रांचे जनक कार्ल फॉन लिंडे शिकवायला होते. वाफेचे इंजिन कोळशातल्या उष्णतेचा जेमतेम दहावा हिस्सा कामाला लावते आणि बाकीची वाया घालवते, ही गोष्ट त्या पोराच्या डोक्यात जी शिरली ती कायमची.

त्यांनी काढलेला उपाय सांगायला सोपा आहे. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचे नळकांडे हाताला गरम लागते, कारण दाबलेली हवा तापते. ती पुरेशी दाबली, तर तिच्यात सोडलेले तेल ठिणगीवाचूनच पेट घेईल. १८९२ मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला. ऑगस्ट १८९३ मध्ये आऊग्सबुर्गच्या कारखान्यात पहिली चाचणी झाली तेव्हा दाब मोजण्याचे उपकरणच फुटले आणि डिझेल थोडक्यात वाचले. पुढच्या फेब्रुवारीत इंजिन आपल्या बळावर फिरले ते मिनिटभर. त्यानंतर आणखी तीन वर्षे खपून, १८९७ च्या फेब्रुवारीत अधिकृत चाचणी झाली. इंधनातल्या उष्णतेपैकी २६.२ टक्के कामी लागली होती. वाफेचा जमाना मोडीत निघणार, हे जाणत्यांनी तिथेच ओळखले.

एक गोष्ट मात्र डिझेल यांना हवी तशी साधली नाही. हवा आधीच खच्चून दाबलेली. ऐन गर्दीच्या एसटीत कंडक्टर आणखी एक उतारू चढवतो, तसे तेल तिच्यात घुसवायचे, तेही थेंबाथेंबाच्या हिशेबाने, धुक्यासारखे बारीक करून आणि नेमक्या क्षणी. असा पंप बनवण्याइतके बारीक धातुकाम तेव्हा नव्हते. शेवटी त्यांनी वेगळ्या कॉम्प्रेसरने आणखी जास्त दाबाची हवा तयार केली आणि तिच्या झोतावर तेल आत फुंकले. इंजिन चालले, पण हा कॉम्प्रेसर अवजड, महाग, शिवाय इंजिनाचीच थोडी ताकद खाणारा. त्यामुळे डिझेल इंजिन कारखान्यात आणि मोठ्या जहाजांवरच राहिले. १९१२ मध्ये डेन्मार्कचे सेलांडिया हे जहाज अशाच दोन इंजिनांवर कोपनहेगनहून बँकॉकच्या सफरीवर निघाले. धुराडे नसलेली ही बोट पाहायला बंदरोबंदरी गर्दी झाली. पण मच्छीमाराच्या छोट्या होडीला या इंजिनाचा उपयोग नव्हता.

त्या पंपाचे महत्त्व मला कळले ते खर्ड्याला. १७९५ च्या लढाईमुळे सर्वांना ठाऊक असलेले हे गाव पाण्याच्या बाबतीत कायम तंगीत. विहिरीवरचे पाच अश्वशक्तीचे इंजिन म्हणजे घराचा आधार. कर्जाच्या कोटेशनमध्ये इंजिन, पंप, सक्शन पाइप, फूटव्हॉल्व्ह अशी यादी असे. डिझेल पंपाचा वेगळा उल्लेख क्वचितच. पण इंजिन बंद पडले की मिस्त्री आधी तोच खोलायचा. आत बोटाएवढा प्लंजर. तो बॅरलमध्ये असा चपखल बसतो, की मधली फट मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्श्यांत मोजावी. वायसर नाही, पॅकिंग नाही. डिझेलमधली चिमूटभर धूळ त्याला खाऊन टाकते. बाहेरून तसाच दिसणारा दुसऱ्या मापाचा पंप बसवला, तर तेल जादा जाते, ताकद फारशी वाढत नाही आणि काळा धूर निघतो, कारण तेलाच्या प्रमाणात हवाही लागते. पंपाखाली पातळ पत्र्या घालून तेल सुटण्याचा क्षण मागेपुढे करायचा. मग नट ढिला करून बुडबुडे संपेपर्यंत नळीतली एअर काढायची. कोकणातल्या ट्रॉलरवरही हेच नियम. फरक एवढाच, की विहिरीवर इंजिन बंद पडले तर माणूस चालत घरी येतो.

पुन्हा डिझेल यांच्याकडे वळतो. पेटंटच्या हक्कांमुळे चाळिशीतच ते लक्षाधीश झाले. एकट्या अमेरिकेच्या हक्कांचे दहा लाख मार्क मिळाले. म्युनिकला राजेशाही बंगला उठला. पण पैसा त्यांनी गॅलिशियातल्या तेलविहिरींत घातला, जमिनींच्या सट्ट्यात घातला आणि बहुतेक सगळा घालवला. त्यात पेटंटचे खटले, असह्य डोकेदुखी, आरोग्यधामातले मुक्काम. यंत्रातला कणभर अपव्यय न सोसणारा माणूस स्वतःच्या खात्यातली गळती रोखू शकला नाही. असे कर्तबगार खातेदार मीही पाहिले आहेत. त्यांच्यापुढे बोलायला मॅनेजरची जीभ रेटत नाही.

२९ सप्टेंबर १९१३ रोजी ते अँटवर्पहून ड्रेस्डेन या बोटीने इंग्लंडला निघाले. सोबत्यांबरोबर जेवले, सकाळी सव्वासहाला उठवायला सांगून केबिनमध्ये गेले. सकाळी अंथरूण तसेच होते. डेकवर कठड्यापाशी हॅट आणि नीट घडी केलेला कोट सापडला. काही दिवसांनी एका डच बोटीला समुद्रात मृतदेह दिसला. खिशातल्या वस्तू काढून घेऊन खलाशांनी तो पुन्हा लाटांवर सोडला. चष्म्याचे घर, खिशातला चाकू, गोळ्यांची डबी या वस्तू मुलाने, ऑयगेनने, ओळखल्या.

जर्मन हेरांनी मारले, इंग्रजांनी पळवले, अशा वावड्या आजही उठतात. मला मात्र त्यांनी जाण्यापूर्वी पत्नी मार्था यांच्याकडे दिलेली बॅग अधिक बोलकी वाटते. ती आठवडाभर उघडायची नाही, असे बजावले होते. आत काही रोकड होती आणि खाती रिकामी झाल्याचे बँकेचे कागद.

स्टुटगार्टच्या रॉबर्ट बॉश यांनी १९२२ मध्ये डिझेल इंजिनासाठी पंप बनवायचे मनावर घेतले आणि १९२७ मध्ये तो कारखान्यातून बाहेर पडू लागला. कॉम्प्रेसरचे लोढणे गळाले. ट्रक, ट्रॅक्टर, मच्छीमारांच्या बोटी आणि विहिरीवरची छोटी इंजिने याच वाटेने पुढे गेली. ऑयगेन यांनी १९३७ मध्ये वडिलांचे चरित्र प्रसिद्ध केले, तेव्हा जर्मनीच्या रस्त्यांवर डिझेलची मोटारगाडीही धावू लागली होती.