चिमाजी अप्पा: तिघांच्या कारभारातलं तिसरं नाव

वसईच्या पाचूबंदर कोळीवाड्याजवळचा किल्ला मे 1739 मध्ये पोर्तुगीजांकडून जिंकला चिमाजी अप्पांनी. अप्पा ना छत्रपती होते, ना पेशवे. मग ते कोण होते?

तेव्हा कारभार तिघांत वाटलेला होता. साताऱ्याला छत्रपती शाहू महाराज; पेशवा कोण, हे तेच ठरवत. पेशवे थोरले बाजीराव. आणि त्यांचे धाकटे भाऊ चिमाजी अप्पा. 1739 मध्ये नादिरशाह दिल्लीत घुसला, तेव्हा बाजीराव उत्तरेकडे लक्ष देऊ शकले, कारण कोकणची आघाडी अप्पा सांभाळत होते.

28 एप्रिल 1740 रोजी बाजीराव गेले. अप्पांनी पेशवेपदावर हक्क सांगितला नाही. शाहू महाराजांनी बाजीरावांचे पुत्र नानासाहेब यांना पेशवे केलं आणि अप्पा पुतण्याच्या पाठीशी उभे राहिले. त्याच डिसेंबरमध्ये तेही गेले.

1773 मध्ये मात्र पुतण्या नारायणरावाचा खून झाला आणि काका रघुनाथराव पेशवे झाले. घरातला विश्वास संपला. रघुनाथरावांचाच मुलगा दुसरा बाजीराव. होळकरांकडून हरल्यावर 31 डिसेंबर 1802 रोजी त्याने इंग्रजांशी तह करून त्यांची फौज स्वीकारली. तो तह झाला वसईतच.