घरच्यांना न कळलेला मुलगा



४ जुलैला संत पिएर जॉर्जिओ फ्रासाती ह्याचा सण असतो. ७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे ह्यांनी त्याला आणि कार्लो अकुतिसला एकाच मिस्सामध्ये संत म्हणून घोषित केले. संगणकवाला कार्लो आपल्या कॅटेकिझमच्या मुलांना चांगला ठाऊक आहे. पिएर जॉर्जिओ मात्र त्याच्या शेजारी थोडा झाकला गेला. म्हणून आज त्याच्याविषयी. त्याला आम्ही एकेरीतच संबोधणार आहोत. चोवीस वर्षांच्या मुलाला अहोजाहो करणे आम्हाला जमत नाही.

हे लिहिताना आपल्या धर्मग्रामातली काही घरे डोळ्यांपुढे आहेत. घरभेटीला गेले की भिंतीवर तरुण मुलाचा हार घातलेला फोटो दिसतो. आई चहा ठेवते आणि बोलता बोलता सांगते की तो असाही होता हे आम्हाला तो गेल्यावर कळले, त्याचे मित्र आले तेव्हा कळले. फ्रासाती कुटुंबाचे नेमके हेच झाले.

पिएर जॉर्जिओचा जन्म ६ एप्रिल १९०१ रोजी इटलीतील तोरिनो शहरात झाला. वडील आल्फ्रेदो हे 'ला स्ताम्पा' ह्या नामांकित वर्तमानपत्राचे मालक, पुढे सेनेटर आणि जर्मनीतले राजदूत. धर्माशी त्यांचे फारसे देणेघेणे नव्हते. आई आदेलाइदे चित्रकार. घरात पैसा होता, शिस्त होती, पण आईवडिलांचे आपसात पटत नव्हते. एकच धाकटी बहीण, लुचिआना, त्याच्याहून वर्षभराने लहान.

घरच्यांच्या लेखी मुलगा सुमारच. लॅटिनमध्ये नापास झाला, म्हणून येशूसंघीयांच्या शाळेत घातला. तिथे रोज ख्रिस्तशरीर स्वीकारण्याची सवय त्याला लागली, ती शेवटपर्यंत टिकली. १९१८ साली त्याने खाणकाम इंजिनिअरिंगला नाव घातले. खाणीतल्या कामगारांमध्ये राहून काम करायचे, हा त्याचा विचार. त्याच वर्षी तो सेंट व्हिन्सेंट डी पॉल संघटनेत दाखल झाला. जेवणाच्या टेबलावर तो नेहमी उशिरा यायचा आणि बोलणी खायचा. ट्रामचे पैसे कोणाला तरी देऊन तो पळत घरी आलेला असे, हे त्याने कधी सांगितले नाही. बर्लिनच्या कडाक्याच्या थंडीत अंगातला कोट एका गरिबाला देऊन आला तेव्हा वडील रागावले. त्याला थंडी वाजत होती, एवढेच मुलाचे उत्तर.

ह्यावरून तो मान खाली घालून चालणारा सोज्वळ मुलगा असेल असे कोणी समजू नये. त्याचा एक प्रसिद्ध फोटो आहे: डोंगरावर, दणकट देह, तोंडात पाइप. पर्वत हे त्याचे वेड. आल्प्समधला ३,८४१ मीटर उंचीचा मोन्विझो त्याने सर केला, बर्फावर स्की केले, दोरांवर लोंबकळला. पावसाळ्यात सह्याद्रीत ट्रेकला जाणाऱ्या आपल्या मुलांनी त्याला ओळखायला हरकत नाही. १९२४ मध्ये मित्रमैत्रिणींची एक टोळी काढली आणि तिला नाव दिले 'संशयित इसम'. स्वतःचे टोपणनाव रोबेस्पिएर. बिलियर्डमध्ये पैज लावी: तो हरला तर पैसे देणार, समोरचा हरला तर त्याने चर्चमध्ये जाऊन पवित्र साक्रामेंतापुढे बसायचे. ही युक्ती आमच्या युवकांवर चालेल का, ह्याबद्दल आम्हाला शंका आहे.

राजकारणातही तो मागे राहिला नाही. १९२१ साली रोममध्ये कॅथलिक युवकांच्या मोर्च्यावर पोलीस तुटून पडले, तेव्हा त्याने झेंडा सोडला नाही. अटक झाली. वडिलांचे नाव कळताच पोलीस नरमले, पण त्याला मित्रांना सोडून एकट्याने सुटायचे नव्हते. १९२४ मध्ये फॅसिस्ट गुंड घरात घुसले, त्यांना त्याने हाताने पिटाळून लावले.

इथे एक गोष्ट आमच्यासारख्यांसाठी. सेमिनरीत कार्ल रानर ह्यांची पुस्तके आमचा घाम काढत. एकेक वाक्य अर्धे पान लांब. ह्याच रानर ह्यांच्या घरी, जर्मनीतल्या फ्रायबुर्गला, पिएर जॉर्जिओ १९२१ मध्ये जर्मन शिकण्यासाठी राहिला होता. रानर तेव्हा सतरा वर्षांचे होते. पुढे जगप्रसिद्ध ईशज्ञानी झाल्यावर त्यांनी लुचिआनाच्या पुस्तकाला प्रस्तावना लिहिली. त्या हसऱ्या पाहुण्याला ते विसरले नव्हते.

१९२५ हे साल त्याच्यासाठी जड गेले. जानेवारीत लुचिआनाचे एका पोलिश राजनैतिक अधिकाऱ्याशी लग्न झाले आणि ती परदेशी निघाली. स्टेशनवर हा धिप्पाड भाऊ रडला. टोळीतल्या एका अनाथ मुलीवर त्याचे प्रेम होते. घरी ते पटणार नाही आणि आईवडिलांचा आधीच डळमळणारा संसार मोडेल, ह्या भीतीने तो तिच्याशी काहीच बोलला नाही. मग वडिलांनी एका कर्मचाऱ्यामार्फत निरोप दिला की त्याने वर्तमानपत्राच्या कारभारात यावे. त्याने होकार दिला आणि खाणीचे स्वप्न तिथेच संपले. आज्ञाधारकपणा हा सद्गुण खराच, पण हे वाचताना आम्हाला वडिलांचा थोडा राग येतो. मुलाशी स्वतः बोलायला काय हरकत होती?

३० जूनला त्याचे डोके दुखू लागले, ताप आला. घरात आजी मरणपंथाला लागली होती. सगळ्यांचे लक्ष तिकडे. १ जुलैला आजी वारली. दणकट मुलगा अंथरुणावर पडून आहे, ही अडगळच वाटली. त्याने कुरकुर केली नाही. पोलिओ आहे हे कळेपर्यंत पाय गेले होते. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधून सीरम मागवले, पण वेळ निघून गेली होती. गरिबांच्या खोल्यांतूनच हा आजार त्याला लागला असावा, असा डॉक्टरांचा अंदाज.

३ जुलै, शुक्रवार. शुक्रवारी तो गरिबांच्या भेटीला जाई. त्याने लुचिआनाकडून कोटातले पाकीट मागवले आणि लुळ्या पडत चाललेल्या हाताने वेडीवाकडी चिठ्ठी लिहिली: एका आजाऱ्याची इंजेक्शने पोहोचवायची आहेत, एकाची गहाणाची पावती माझ्या पैशाने नवी करून घ्या. अक्षर लागत नव्हते. दुसऱ्या दिवशी, ४ जुलैला संध्याकाळी, तो गेला.

अंत्ययात्रेला बडी मंडळी येतील अशी घरच्यांची कल्पना होती. ती आलीच. पण रस्ते भरले होते ते दुसऱ्याच लोकांनी. फाटक्या कपड्यांतली माणसे, म्हाताऱ्या, आजारी, हजारोंनी. त्यांतल्या कित्येकांना आपला पिएर जॉर्जिओ हा सेनेटर फ्रासातींचा मुलगा हे त्या दिवशी कळले. आणि आईवडिलांना आपला मुलगा कोण होता ते त्या दिवशी कळले. आईवडील वेगळे झाले नाहीत. आल्फ्रेदो हळूहळू श्रद्धेकडे परतले. ते १९६१ मध्ये वारले.

लुचिआनाने मात्र ह्या न कळण्याचा पिच्छा पुरवला. भाऊ ज्या घरांत जात असे, तिथल्या लोकांच्या आणि मित्रांच्या आठवणी तिने गोळा केल्या, पत्रे जपली, पुस्तके लिहिली. मध्ये दुसरे महायुद्ध आले. पोलंडमध्ये तिने जीव धोक्यात घालून अनेकांना मदत केली. संतपदाचे काम १९३२ मध्ये सुरू झाले, पण मुले-मुली एकत्र डोंगरावर जात ह्यावरून कुजबुज झाली आणि कागद कित्येक वर्षे पडून राहिले. तिच्याच आठवणींचा साठा कामी आला. पोप पॉल सहावे ह्यांच्या काळात काम पुन्हा सुरू झाले आणि २० मे १९९० रोजी पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी त्याला धन्यवादित घोषित केले.

भाऊ चोवीस वर्षे जगला. बहीण त्यानंतर ब्याऐंशी वर्षे. ७ ऑक्टोबर २००७ रोजी, पवित्र माळेच्या राणीच्या सणादिवशी, वयाच्या १०५ व्या वर्षी ती त्याच्याकडे गेली.

तुमचे धर्मगुरू