गाडी थांबली म्हणून...

22 डिसेंबर जवळ आला की नॅशनल मॅथेमॅटिक्स डेच्या निमित्ताने आपण रामानुजनच्या फोटोला हार घालतो. टॅक्सीच्या 1729 नंबरची गोष्ट तर सगळ्यांना पाठच आहे. पण त्याच्या आयुष्यातला एक प्रसंग शाळेत कोणी शिकवत नाही. आज तोच सांगायचाय. मी त्याला 'अहो-जाहो' करत नाहीये, कारण या गोष्टीत तो आपल्यापेक्षा फार मोठा नाही.

श्रीनिवास रामानुजनचा जन्म 22 डिसेंबर 1887 चा, तामिळनाडूतल्या इरोडचा. वाढला कुंभकोणमला. वडील कापडाच्या दुकानात कारकून, घरची परिस्थिती बेताची. शाळेत एकदम हुशार. 1904 मध्ये स्कॉलरशिप मिळवून तो तिथल्या सरकारी कॉलेजात गेला आणि सगळं बिनसलं. डोक्यात फक्त गणित, बाकीच्या विषयांकडे ढुंकूनही बघेना. इंग्रजीत नापास झाला, स्कॉलरशिप गेली. 1905 मध्ये तर तो घरी न सांगता विशाखापट्टणमला निघून गेला. नंतर मद्रासच्या पच्चयप्पा कॉलेजात पुन्हा प्रयत्न केला. तिथेही एफ.ए.च्या परीक्षेत दोनदा नापास. आपल्या भाषेत सांगायचं तर इयर डाऊन, आणि तेही एकदाच नाही! डिग्री नाही, नोकरी नाही, त्यात 1909 मध्ये लग्न. शेवटी 1912 मध्ये मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये महिना 30 रुपयांवर क्लार्कची नोकरी मिळाली.

जानेवारी 1913 मध्ये त्याने केंब्रिजच्या प्रोफेसर हार्डीला आपली सूत्रं लिहून पाठवली. पुढचं आपल्याला माहीत आहे. 1914 मध्ये तो इंग्लंडला पोचला. बहुतेक पुस्तकं इथेच गोष्ट संपवतात, जणू पुढे सगळं छानच झालं.

पण तसं झालं नाही. थोड्याच महिन्यांत पहिलं महायुद्ध सुरू झालं. हा पक्का शाकाहारी, स्वतःच शिजवून खाणारा, आणि युद्धामुळे भाज्या मिळणं मुश्किल. थंडी सोसत नव्हती. 1917 मध्ये तो आजारी पडला, डॉक्टरांनी टी.बी. सांगितला आणि एका सॅनटोरियममधून दुसऱ्यात असे हाल सुरू झाले. घरी परतायचं तर समुद्रात युद्ध. बायकोची, जानकीची पत्रं सासू-सुनेच्या भांडणात अडकायची, त्याच्यापर्यंत पोचायचीच नाहीत. त्याच वर्षी ट्रिनिटी कॉलेजने फेलोशिपही नाकारली. हार्डी रोजचा सहकारी, पण दोघांचं बोलणं मुख्यतः गणिताचं. मनात काय चाललंय हे सांगायला परदेशात जवळचं असं माणूस नव्हतं.

1918 च्या सुरुवातीला, वयाच्या तिसाव्या वर्षी, लंडनच्या एका भुयारी रेल्वे स्टेशनवर रामानुजनने जीव द्यायचा प्रयत्न केला.

एका गार्डने ते पाहिलं. त्याने तत्काळ स्विच ओढला आणि गाडी काही फुटांवर थांबली. तेव्हा इंग्लंडमध्ये हा गुन्हा होता, त्यामुळे जखमी रामानुजनला पोलिसांनी धरून नेलं. हार्डी धावत गेला, पोलिसांची समजूत घातली आणि त्याला सोडवलं.

त्या गार्डचं नाव मला कुठे वाचायला मिळालं नाही. त्याला बहुधा गणितातलं काहीच माहीत नसेल. एक माणूस संकटात आहे, एवढंच त्याला दिसलं आणि तेवढं पुरलं.

आता पुढचं बघा. मे 1918 मध्ये रामानुजन रॉयल सोसायटीचा फेलो झाला. ऑक्टोबरमध्ये त्याच ट्रिनिटीने त्याला फेलोशिप दिली. ती 1729 ची प्रसिद्ध गोष्टसुद्धा या प्रसंगानंतरचीच आहे! मार्च 1919 मध्ये त्याची बोट मुंबईला लागली तेव्हा आई त्याला घ्यायला आली होती. मद्रासला गेल्यावर जानकी त्याच्याजवळ होती. आजार मात्र बरा झाला नाही आणि 26 एप्रिल 1920 ला तो गेला. पण शेवटच्या त्या वर्षात अंथरुणावर पडून त्याने मॉक थीटा फंक्शन्स शोधली. ती पानं 1976 मध्ये ट्रिनिटीच्या लायब्ररीत सापडली आणि आज त्यातलं गणित ब्लॅक होलच्या अभ्यासातही वापरलं जातं.

याचा अर्थ असा नाही की रामानुजनसारखा जीनियस होता म्हणून तो वाचायला हवा होता. समजा त्याने पुढे एकही सूत्र लिहिलं नसतं, तरी ती गाडी थांबायलाच हवी होती. आईला मुलगा भेटला, जानकीला नवरा भेटला, हे काय कमी आहे? केटी लागलेल्या, कॅम्पसमध्ये सिलेक्शन न झालेल्या प्रत्येकालाही हेच लागू आहे.

आपल्या होस्टेलमध्ये त्या गार्डचं काम आपल्यालाच करावं लागेल. कोणी जेवायला येईनासं झालं, आवडत्या वस्तू वाटून टाकू लागलं, आपलं ओझं सगळ्यांना होतंय असं बोलू लागलं, तर थट्टेवारी नेऊ नका. शेजारी बसून सरळ विचारा, जीव द्यायचे विचार येतात का म्हणून. विचारल्याने तो विचार डोक्यात घुसत नाही, उलट मोकळं व्हायला वाट मिळते. लेक्चर देऊ नका, ऐकून घ्या. हो म्हणाला तर एकटं सोडू नका. आणि अशी गोष्ट सिक्रेट ठेवायचं वचन कधीच देऊ नका. वॉर्डन, घरचे, काउन्सेलर, कोणाला तरी लगेच सांगा.

पोलिसांची भीती असेल तर तीही काढून टाका. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा व्यक्तीला शिक्षा नव्हे तर मदत द्यायची असं ठरवलंय, आणि जुन्या दंडसंहितेतलं 309 कलम 2024 पासून नव्या संहितेत राहिलेलं नाही.

सरकारची टेली-मानस हेल्पलाइन 14416 वर दिवसरात्र फुकट चालू असते, मराठीतही बोलता येतं. जीव अगदी धोक्यात असेल तर 112 लावा. मित्रासाठी फोन केला तरी चालतो, आणि स्वतःसाठी केला तर त्यात लाज कसली! दोन्ही नंबर आत्ताच मोबाईलमध्ये सेव्ह करा, मग पान उलटा.