घराची शाळा करणाऱ्या रमाबाई रानडे



आमच्या गावातल्या मतनासमध्ये वयस्कर लोकांसाठी नवे वर्ग निघाले आहेत. आठवड्यातून एकदा, दोन तास. कला, विज्ञान आणि कायदा असे तीन विषय, ज्याला जो आवडेल तो त्याने घ्यावा. परीक्षा नाही, घरचा अभ्यास नाही. मी फॉर्म घेऊन आले तेव्हा शेजारची बाई हसायला लागली. आपल्याच समाजातली आहे, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. म्हणाली, या वयात शिकून आता कोणाला दाखवायचं? चहा पिऊन ती गेली, पण मला तिचं बोलणं लागलं. कारण माझे मिस्टर गेल्यापासून वर्षभर मी स्वतःला हेच सांगत होते.

त्या रात्री मला रमाबाई रानडे आठवल्या. काही वर्षांपूर्वी झी मराठीवर त्यांच्यावर 'उंच माझा झोका' ही मालिका लागायची, ती आपल्यापैकी पुष्कळांनी इथे इस्राएलमध्ये बसून बघितली असेल. पंडिता रमाबाई वेगळ्या, डॉ. आंबेडकरांच्या रमाबाई वेगळ्या. या न्यायमूर्ती महादेव गोविंद रानड्यांच्या पत्नी. मालिकेत त्यांचं लहानपण आणि संसार फार छान दाखवला होता. पण मी पडले नर्स. मला त्यांचं पुढचं आयुष्य जास्त जवळचं वाटतं, तेच आज सांगते.

रमाबाईंचा जन्म १८६२ सालचा, सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचा. पुढे यशवंतराव चव्हाणही याच गावात जन्मले. माहेरचं आडनाव कुर्लेकर, माहेरचं नाव यमुना. त्या काळी ब्राह्मणाच्या घरात मुलीला अक्षर शिकवायची पद्धत नव्हती, म्हणून लग्न झालं तेव्हा त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. लग्न झालं १८७३ साली. नवरी ११ वर्षांची आणि नवरा ३१ वर्षांचा, त्याची पहिली बायको वारलेली. रानडे विधवाविवाहाच्या बाजूने बोलणारे, तेव्हा त्यांनी एखाद्या विधवेशी लग्न करावं अशी मित्रांची अपेक्षा होती. वडिलांच्या हट्टापुढे त्यांचं काही चाललं नाही. लोकांनी त्यांना खूप नावं ठेवली, आणि त्यात त्या लोकांचं चुकलं असं मला वाटत नाही.

पण रानड्यांनी एक गोष्ट केली. नवरी घरात आली आणि त्यांनी तिला शिकवायला सुरुवात केली. आधी मराठी मुळाक्षरं, मग इतिहास, भूगोल, गणित आणि पुढे इंग्रजी. दिवसभर घरकाम आणि रात्री अभ्यास. घरातल्या मोठ्या बायकांना हे मुळीच पटत नव्हतं. एकदा भांडी घासताना रमाबाईंच्या हाताला इंग्रजी वर्तमानपत्राचा एक फाटका तुकडा लागला. काय लिहिलंय ते वाचता वाचता त्या भांडी विसरून गेल्या. मग काय, घरातल्या बायकांनी त्यांना टाकून बोलायला कमी केलं नाही. रमाबाई उलट बोलल्या नाहीत. पण इंग्रजी नीट शिकायचंच, हे त्यांनी मनात पक्कं केलं.

१८८२ साली पंडिता रमाबाई पुण्याला आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाज काढला. आपल्या रमाबाई तिथे जाऊ लागल्या, म्हणून घरात पुन्हा बोलणी. याच सुमारास पुण्यात मुलींसाठी हायस्कूल व्हावं म्हणून खटपट चालली होती. त्यासाठी रमाबाईंनी गव्हर्नरसमोर, भरलेल्या सभेत, इंग्रजीतून निवेदन वाचलं. त्या वेळी त्या विशीतल्या होत्या. १८८४ साली ती शाळा निघाली, तीच हुजूरपागा.

१८९३ साली रानडे मुंबई हायकोर्टाचे न्यायाधीश झाले आणि बिऱ्हाड मुंबईला आलं. तिथे रमाबाईंनी बायकांसाठी एक क्लब काढला आणि वर्ग सुरू केले. भाषा, सामान्य ज्ञान, शिवण, हातकाम. त्यात येणाऱ्या काही शाळकरी पोरी नव्हत्या. लेकुरवाळ्या बायका होत्या, ज्यांचं शिकायचं वय निघून गेलं असं घरचे म्हणायचे.

१९०१च्या जानेवारीत रानडे गेले. रमाबाई तेव्हा चाळिशीच्या आत होत्या. त्या मुंबई सोडून पुण्याला परत आल्या आणि जवळजवळ वर्षभर घराबाहेर पडल्या नाहीत. मालिका बघताना मला हे ठाऊक होतं, पण ते कळलं माझ्यावर वेळ आल्यावर. ज्या माणसाने बोट धरून अक्षर गिरवायला शिकवलं तोच गेला, तर पुस्तक तरी कुणासाठी उघडायचं?

वर्षाने त्या बाहेर पडल्या. पहिल्यांदा गेल्या त्या कुठे मोठ्या सभेला नाही. तुरुंगातल्या बायकांना भेटायला जाऊ लागल्या, त्यांच्याशी बोलू लागल्या, वाचून दाखवू लागल्या. दवाखान्यात जाऊन रोग्यांना फळं, फुलं, पुस्तकं देऊ लागल्या. १९०४ साली मुंबईत भारत महिला परिषद भरली, त्यातही त्यांचा पुढाकार होता. मग बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी मुंबईत सेवासदन काढायचं ठरवलं. एक पारशी, एक सिंधी, आणि संस्थेच्या पहिल्या अध्यक्ष या मराठी विधवा बाई. १९०९ साली त्यांनी गोपाळ कृष्ण देवधरांना बरोबर घेऊन पुण्यात सेवासदन काढलं, तेही आपल्या स्वतःच्या वाड्यात. ज्या घरातल्या बायकांनी एक फाटका कागद वाचला म्हणून त्यांना बोल लावले होते, तसल्याच एका घरात आता बायका पाटी घेऊन येऊ लागल्या.

आता नर्सिंगचं सांगते. सेवासदनाने बायकांना नर्सिंगचं शिक्षण द्यायचं ठरवलं. आज हे वाक्य साधं वाटतं. त्या वेळी हिंदू घरातली बाई, त्यातून ब्राह्मण विधवा, परक्या माणसाच्या अंगाला हात लावणार, जखम धुणार, बेडपॅन उचलणार आणि रात्रपाळी करणार? कोणत्याही जातीचा रोगी आला तरी करणार? लोकांना ते सहन होण्यासारखं नव्हतं. नर्सिंग हे ख्रिस्ती आणि अँग्लो-इंडियन बायकांचं काम, असंच लोक धरून चालायचे. रमाबाईंनी अशा बायका शोधल्या, त्यांच्या घरच्यांची समजूत घातली, त्यांच्यासाठी वसतिगृह काढलं, आणि शिकायला पाठवलं ससून हॉस्पिटलमध्ये.

ससून म्हटलं की आपल्याला लगेच ओळख पटते. डेव्हिड ससून या बगदादी ज्यू माणसाच्या देणगीतून ते हॉस्पिटल उभं राहिलं आणि १८६७ साली सुरू झालं. डेव्हिड ससून पुण्यातच वारले. लाल देवळाच्या आवारात त्यांची कबर आहे, आपल्यातले पुणेकर ती दाखवतात. त्यांना आपल्या देणगीतून पुढे काय काय होईल याची कल्पना नसणार. एका ज्यू माणसाने बांधलेल्या हॉस्पिटलात केशवपन झालेल्या बायका नर्स व्हायला शिकल्या, हे मला फार मोठं वाटतं. पुढे आपल्या बेने इस्राएल मुली मोठ्या संख्येने या पेशात आल्या. मी मुंबईला डिप्लोमा केला तेव्हा आमच्या वसतिगृहात सगळ्या जातीधर्माच्या मुली एका टेबलावर जेवायच्या, आणि त्यात कोणाला काही वावगं वाटायचं नाही. ती वाट आमच्या आधी कोणीतरी पाडून ठेवली होती.

सेवासदनाच्या एका समारंभातली हकिकत सांगतात. बक्षीस घ्यायला एक विधवा बाई पुढे आली, डोक्यावर केस नाहीत, अंगावर साधं लुगडं. गॅलरीत बसलेली मुलं तिला हसली, हुर्यो करू लागली. रमाबाई एरवी शांत. त्या दिवशी बोलायला उभ्या राहिल्या तेव्हा मात्र त्यांनी त्या मुलांना चांगलं सुनावलं. तुमच्यापैकी कोणाच्या घरात अशी बहीण, मावशी, आत्या नाही का, असं विचारलं. सभा गप्प झाली. मला वाटतं, त्या बाईला बक्षिसापेक्षा त्याच शब्दांनी बळ आलं असेल.

कायद्याच्या बाबतीतही रमाबाई मागे राहिल्या नाहीत. पुण्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं करायचं ठरत होतं, पण फक्त मुलांसाठी. मुलींचं नंतर बघू, असं चाललं होतं. रमाबाई बायकांना घेऊन रस्त्यावर उतरल्या. मुंबई इलाख्यात बायकांना मताचा अधिकार मिळावा म्हणून झालेल्या चळवळीतही त्या होत्या, आणि १९२१ साली तो मिळाला. तेव्हा त्या साठीला आल्या होत्या.

१९१० साली त्यांनी 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे पुस्तक लिहिलं. ११ वर्षांची होईपर्यंत जिला स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं तिने लिहिलेलं पुस्तक मराठीत आजही वाचतात. १९२४ साली त्या गेल्या तेव्हा पुण्याच्या सेवासदनात हजारावर बायका शिकत होत्या. १९६२ साली भारत सरकारने त्यांचं टपाल तिकीट काढलं.

आता माझं थोडंसं. इथे आल्यावर उल्पानमध्ये मी हिब्रू शिकले, वॉर्डात बोलण्यापुरती. औषधांची नावं, रोग्यांची दुखणी, सगळं येत होतं. पण घरचे कागद मिस्टरच बघायचे. ते गेल्यावर बँकेची पत्रं, बितुआह लेउमीची पत्रं, वारसाचे कागद येऊ लागले. ऑपरेशनच्या संमतीपत्रावर शेकडो लोकांच्या सह्या घेतलेली मी, स्वतःच्या सहीचा कागद मुलाला वाचायला सांगत होते. मुलगा चांगला आहे, कधी कुरकुर केली नाही. पण सही करताना माझा हात अडायचा. आपण कशावर सही करतोय हे आपल्याला कळू नये, याची मला शरम वाटायची.

म्हणून मी कायद्याचा वर्ग घेतला आहे. आतापर्यंत चार तास झाले. मृत्युपत्र, भाडेकरार आणि रोग्याचे हक्क एवढं झालं. रोग्याच्या हक्कांच्या तासाला मीच जास्त बोलले, शिक्षिका हसत होती. गेल्या आठवड्यात आलेलं एक पत्र मी चष्मा लावून, शब्दकोश घेऊन, एकटीने वाचलं. पाऊण तास लागला. मग सही केली.

शेजारच्या बाईला मी ही सगळी गोष्ट सांगितली. तिने फॉर्म भरलेला नाही, पण परतही दिला नाही. तिला चित्रकलेचा वर्ग घ्यायचा आहे असा माझा अंदाज आहे, कारण रंगाच्या पेट्या कुठे मिळतात हे तिने सहज म्हणून विचारलं.

तुमच्या गावातल्या मतनासमध्येही असे वर्ग असतील, चौकशी करा. एकट्याने जायला संकोच वाटत असेल तर कोणाला तरी बरोबर घेऊन जा. सर्वांना चांगली तब्येत आणि उदंड आयुष्य लाभो.