हरी नारायण आपटे

हरी नारायण आपटे (८ मार्च १८६४, पारोळे, खानदेश – ३ मार्च १९१९, पुणे) हे मराठी कादंबरीकार, कथालेखक व संपादक होते. ‘हरिभाऊ’ या नावाने ते ओळखले जात. त्यांच्या बहुतेक कादंबऱ्या ‘करमणूक’ या साप्ताहिकातून वर्षानुवर्षे क्रमशः प्रसिद्ध झाल्या. राज्य कोणासाठी असते, राजनिष्ठेची मर्यादा कोणती आणि सार्वजनिक कार्यासाठी माणसाने किती त्याग करावा, हे प्रश्न त्यांनी ऐतिहासिक व सामाजिक अशा दोन्ही कथामालांतून हाताळले.

जीवन

हरिभाऊंची आई ते लहान असतानाच वारली. त्यांचे संगोपन मुख्यतः चुलते महादेव चिमणाजी आपटे यांच्या छायेत झाले. महादेवराव मुंबई उच्च न्यायालयातील वकील होते. पुण्यातील आनंदाश्रम ही संस्कृत ग्रंथांची संस्था त्यांनी स्थापन केली व तिची व्यवस्था पुढे हरिभाऊंनी पाहिली.

न्यू इंग्लिश स्कूलमध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर, आगरकर व टिळक यांच्या सहवासात त्यांचे शिक्षण झाले. १८८२ मध्ये चिपळूणकरांचे निधन झाल्यावर विद्यार्थी हरिभाऊंनी ‘शिष्यजनविलाप’ हे काव्य लिहिले. आगरकरांविषयीचा आदर मात्र टीकेच्या आड आला नाही. आगरकरांनी ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ हे भाषांतर केले, तेव्हा त्याचे ७२ पानी परीक्षण या शिष्यानेच लिहिले. पुढे डेक्कन व फर्ग्युसन महाविद्यालयांत शिकूनही गणिताच्या अडचणीमुळे त्यांना पदवी मिळाली नाही. इंग्रजी कादंबरीचे त्यांचे वाचन याच काळात वाढले.

पूर्वपरंपरा आणि ‘करमणूक’

हरिभाऊंच्या आधी मराठी कादंबरीत अद्भुतरम्यतेचे राज्य होते. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ (१८६८) या कथांतील राजे, राजकन्या व दुष्ट प्रधान कोणत्याही काळात किंवा प्रदेशात बसू शकले असते. सत्ता तेथे केवळ नायक-नायिकेच्या मार्गातील अडथळा म्हणून येते. हरिभाऊंची पहिली कादंबरी ‘मधली स्थिती’ १८८५ मध्ये ‘पुणे वैभव’मध्ये येऊ लागली. तिची कल्पना रेनॉल्ड्सच्या इंग्रजी कादंबरीवरून सुचलेली असली, तरी तिचा विषय पुण्यातील मध्यमवर्ग हा होता.

१८९० मध्ये त्यांनी ‘करमणूक’ सुरू केले आणि ते सुमारे २७ वर्षे चालवले. सामाजिक कादंबऱ्या तेथे ‘आजकालच्या गोष्टी’ या मालेत येत. पहिल्याच वर्षी सुरू झालेली ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही यमू या विधवेने स्वतः सांगितलेली कहाणी आहे. घरातील कर्त्या पुरुषाची सत्ता कशी चालते याचे इतके निष्ठुर चित्र मराठीत तोवर कोणी काढले नव्हते, आणि त्या अर्थाने ती राजकीय कादंबरीही आहे.

राजकीय विचार

‘उषःकाल’ (१८९५–९७) शिवाजी महाराजांच्या उदयकाळावर आहे. कथेचा भार मात्र विजापूर दरबाराचा एकनिष्ठ किल्लेदार रंगराव अप्पा आणि स्वराज्याकडे ओढला जाणारा त्याचा मुलगा नानासाहेब यांच्यावर आहे. अप्पा खलनायक नाही, आणि हीच कादंबरीची खरी ताकद आहे. त्याची स्वामिनिष्ठा प्रामाणिक आहे, पण धनी अन्यायी झाला तरी ती टिकवावी काय, याचे उत्तर त्याच्या घरातच फाटते. याच सुमारास, १८९६ मध्ये, रायगडावर शिवजयंतीचा उत्सव सुरू झाला होता, आणि १८९७ च्या जून महिन्यात रँडच्या खुनाने पुणे हादरले. परकीय सरकारच्या चाकरीत असलेल्या वाचकाला किल्लेदाराचा पेच परका वाटला नसणार. प्रत्यक्ष सरकारविषयी काही न लिहिता हा प्रश्न छापता येणे, ही ऐतिहासिक कथेची मोठी सोय होती.

‘चंद्रगुप्त’मध्ये हाच प्रश्न चाणक्य आणि नंदांचा अमात्य राक्षस यांच्या रूपाने उलट्या बाजूने येतो. नव्या राज्याला शत्रूच्या निष्ठावंत सेवकाचीच गरज भासते. विजयनगरच्या अस्तावरील ‘वज्राघात’मध्ये १५६५ च्या पराभवाचे कारण रणांगणापेक्षा रामराजाच्या खाजगी वर्तनात अधिक शोधले आहे. हा निष्कर्ष इतिहास म्हणून तोकडा आहे, पण कथानकाला त्याने शोकांतिकेचे बळ दिले.

त्यांचा सर्वांत स्पष्ट राजकीय विचार ‘मी’ (१८९३–९५) या सामाजिक कादंबरीत आढळतो. तिचा नायक भावानंद सुंदरीवरील प्रेम बाजूला सारून देशसेवेला वाहून घेतलेल्या कार्यकर्त्यांचा मठ उभारतो. हरिभाऊंचे स्नेही गोपाळ कृष्ण गोखले यांनी भारत सेवक समाज पुण्यात स्थापला तो १९०५ मध्ये, म्हणजे कादंबरीनंतर दहा वर्षांनी. कादंबरीवरूनच संस्था निघाली असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. त्या वर्तुळात ही कल्पना आधीपासून रुजत होती, एवढे मात्र तीवरून दिसते. भावानंदाच्या त्यागाची किंमत सुंदरीलाही मोजावी लागते, ही गोष्ट लेखकाने लपवलेली नाही.

कथनाचे गुणदोष

दर आठवड्याला हप्ता देण्याच्या बांधिलकीचा परिणाम कथनावर झाला. प्रकरणाच्या शेवटी उत्कंठा ताणून धरणे, गुप्त वेषांतर, भुयारे व अकल्पित भेटी यांचा ‘उषःकाल’मध्ये सुकाळ आहे. लेखक मध्येच थांबून वाचकाशी बोलतो, मागील कथाभागाची आठवण करून देतो, उपदेशही करतो. पुस्तकरूपात हे पाल्हाळ जाणवते. ‘गणपतराव’, ‘यशवंतराव खरे’, ‘सूर्यग्रहण’, ‘कालकूट’ आणि ‘कर्मयोग’ अपुऱ्या राहिल्या. त्यांच्याच ‘काळ तर मोठा कठीण आला’ या दुष्काळावरील कथेशी तुलना केल्यास आटोपशीर लेखन त्यांना साधत होते, हे लक्षात येते. तरीही संथपणे उलगडणारी माणसे ही याच पाल्हाळाची देणगी आहे. यमूचे बालपण थोडक्यात आटोपले असते, तर तिचा शेवट इतका बोचला नसता.

सार्वजनिक कार्य व अखेरची वर्षे

हरिभाऊ पुणे नगरपालिकेचे सदस्य व पुढे अध्यक्ष होते. नूतन मराठी विद्यालयाशीही त्यांचा निकटचा संबंध होता. १९१२ मध्ये अकोला येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले, तर १९१५ मध्ये मुंबई विद्यापीठात मराठी भाषेवर विल्सन व्याख्याने दिली. रवींद्रनाथ ठाकुरांच्या ‘गीतांजली’चा त्यांनी मराठी अनुवाद केला. ‘करमणूक’ १९१७ मध्ये बंद पडले. त्यानंतर दोन वर्षांतच त्यांचे निधन झाले. ‘सती पिंगला’ हे त्यांचे नाटक मरणोत्तर, १९२१ मध्ये प्रसिद्ध झाले.