किहीमचे दिवस : पक्षितज्ज्ञ सालिम अली

आमच्या अंगणातल्या जास्वंदीवर एक इवलासा, चकाकणारा पक्षी येतो. चित्रे पाहून मी त्याला हमिंगबर्ड समजत असे. पण हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत आढळतो व हवेत स्थिर राहून मध पितो. आपला हा शिंजीर. तो बहुधा फांदीवर बसूनच मध पितो. ही ओळख मला डॉ. सालिम अलींच्या चरित्राने करून दिली.

सालिम अलींचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. आईवडील लहानपणीच वारले; मामा अमिरुद्दीन तय्यबजींनी त्यांना वाढविले. छर्‍याच्या बंदुकीने पाडलेल्या एका पिवळ्या गळ्याच्या चिमणीची ओळख पटविण्यासाठी ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले आणि पक्ष्यांचेच झाले. कॉलेजची पदवी मात्र त्यांनी घेतली नाही. ब्रह्मदेशातला धंदाही टिकला नाही. १९२६ मध्ये मुंबईच्या संग्रहालयात नोकरी लागली. पुढे बर्लिनला जाऊन स्ट्रेझमान यांच्या हाताखाली शिकून १९३० मध्ये परतले, तो ती जागाच पैशाअभावी रद्द झालेली!

दुसरा एखादा खचला असता. ते मात्र तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील किहीमला येऊन राहिले. पावसाळाभर सुगरणीच्या घरट्यांकडे डोळे लावून बसले. नर घरटे अर्धवट विणतो, मादी पाहून पसंत करते, मगच ते पुरे होते. आणि नर लगेच दुसरे विणायला घेतो, हे त्यांनी दाखविले. आंब्यावरच्या बांडगुळाचाही त्यांनी अभ्यास केला. शिंजीर त्याच्या फुलांतला मध पिताना परागीकरण करतो, तर फुलटोच्या फळे खाऊन बी दुसर्‍या फांदीवर चिकटवतो. हा कोकणातला अभ्यास १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला. १९४१ मध्ये त्यांचे भारतीय पक्ष्यांवरचे पुस्तक आले. १९७६ मध्ये पद्मविभूषण मिळाले. २० जून १९८७ रोजी ते निवर्तले.

मित्रहो, बी. ए. होऊन पुढे काय, असे घरी रोज विचारतात. आमच्या घरात कॉलेजात येणारा मी पहिलाच. उत्तर सापडत नाही. सालिम अलींना नातलगांचा आधार होता, तो आम्हांला नाही, हेही खरे. पण नोकरी गेली म्हणून त्यांचे पाहणे थांबले नाही. परवा बाबा आंब्यावरचे बांडगूळ तोडत होते. मी कोयता धरायला गेलो खरा, पण आधी त्यावर बसलेला शिंजीर उडेपर्यंत थांबलो. बाबाही थांबले.